गॅरेजमध्ये आवाज येत नाही

लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं
आणि मूठ कानामागच्या हाडाला.
चौतीस वर्षं कुताईसीच्या बस-डेपोत हेच केलं मी.
कुठला व्हॉल्व्ह सैल, कुठलं बेअरिंग महिन्याभराचं सोबती,
डोळे मिटून सांगतो.
नवी पोरं आधी हसतात. मग हसत नाहीत.

नातेला, तू झोपलीस की
तुझ्या पाठीला कान लावतो मी.
ठक् ठक्. ठक् ठक्.
मग अंधारात पायरी चुकावी तसं काहीतरी,
मग घाई, कुणी जिन्यावरून धावत सुटल्यासारखी,
आणि पुन्हा शहाण्यासारखं ठक् ठक्.

याचा पार्ट कुठे मिळतो, मला माहीत नाही.

पहिल्यांदा झालं ते ऑक्टोबरात.
द्राक्षाचा रस कढईत आटत होता,
अक्रोडाच्या माळा दोरीला बांधून तयार,
आणि तू ढवळता ढवळता थांबलीस,
एक हात छातीवर,
दाराशी कुणी आलंय का ऐकावं तशी.
‘काही नाही,’ म्हणालीस,
‘चिमणी शिरली होती आत. गेली.’
त्या वर्षी रस खाली लागला.
आपण खाल्ला तसाच, करपट.

ईसीजी स्वच्छ. थायरॉईड स्वच्छ.
रक्त तर इतकं स्वच्छ
की डॉक्टरीणबाई जरा हिरमुसल्याच.
कॉफी कमी करा म्हणाल्या, आणि काळजी.
बाचो पोलंडात विटा रचतो,
रविवारी फोन करतो, एखादा रविवार करत नाही.
यातला कुठला नळ बंद करायचा, ते नाही सांगितलं.
वरच्या मजल्यावरची त्सियाला
वलेरियनचे थेंब घेऊन आली,
तेव्हापासून आपल्या स्वयंपाकघराबाहेर
गल्लीतली तीन मांजरं बसून असतात.

मी तुझा हात हातात घेतो हल्ली,
बाजारात, बाकावर, टीव्हीपुढे.
तू खूश होतेस. किंवा तसं दाखवतेस.
बोटं माझी मनगटावर,
नजर समोरच्या घड्याळाकडे.
ताकाला जाऊन भांडं लपवतो झालं.

एक गोष्ट मात्र डॉक्टरांना सांगितली नाही.
त्र्याण्णवचा हिवाळा. वीज नाही, नळ कोरडे,
तू पाच मजले बादल्या चढवत होतीस, बाचो पोटात,
आणि मी तिकडे मित्रांच्या टेबलावर
‘हा काय, आलोच’ म्हणत पहाटेपर्यंत.
इंजिनाचं असंच असतं, नातेला.
एका चढावर ओढाताण होते,
आणि ते बोलतं
सपाट रस्त्यावर, वर्षांनी, कुणी काही विचारलं नसताना.

मंगळवारी तुला मशीन लावलं.
पाच तारा, छातीवर चिकटपट्ट्या,
कमरेला साबणाच्या वडीएवढी डबी, चोवीस तास.
आणि एक वही: काय करत होतात, काय वाटलं,
वेळेसकट लिहायचं.

आणि बघ, दिवसभर काही नाही.
मुद्दाम जिना चढलीस, बाचोला फोन लावलास,
माझ्याशी भांडूनही पाहिलंस विजेच्या बिलावरून.
ठक् ठक्, ठक् ठक्, अगदी पुस्तकातल्यासारखं.
मला हसू आलं, रडूही.
दहा किलोमीटर कण्हत आलेली बस
डेपोच्या फाटकात शिरली की गप्प होते,
आणि ड्रायव्हर शपथा घेत राहतो.

सकाळी तारा काढायला गेलीस आत.
वही माझ्या मांडीवर.

‘१०:१५ कांदे चिरले. ठीक.
१४:०० ओतारशी भांडण. मजा आली.
२३:३० झोप.
१:५० तो उठला. पाणी प्यायला नाही, नुसता उभा.
२:२० त्याचा कान माझ्या पाठीवर. गार आहे.
मी श्वास सावकाश घेते, म्हणजे त्याला झोप लागेल.
३:०५ लागत नाही.
४:१० अजून ऐकतोय.
इथे थोडं धडधडलं.’

वही मिटली.
खिशातला स्क्रूड्रायव्हर टोचत होता,
आणि आतून तू कुणाला तरी विचारत होतीस
पट्टीचा डिंक कशाने निघतो.