दाब, धर, सोड

मारेगावच्या पुढं, चुन्याच्या बंद खाणीकडं जिथं फाटा फुटतो
तिथं माझं टिनाचं गॅरेज.
समोरून दिवसभर कोळशाचे हायवा.
धूळ इथं दोन रंगांची,
सकाळी पांढरी, दुपारनंतर काळी.

पोळ्याच्या चार दिवस आधी
शर्वरी उरकुडे गाडी घेऊन आली.
बाप जिनिंगच्या वजनकाट्यावर,
हिची गाडी मात्र जमिनीला चिकटून चालणारी, रुंद चाकांची,
खाणीच्या वळणांवर घड्याळ लावून पळवायची.
म्हणाली, "इंजिन सात हजारांवर गेलं ना जागोभाऊ,
तिसरा पडतच नाई.
पॅडल खाली जाते अन् तिथंच झोपते.
नागपूरले म्हंतात, अख्खा क्लच बदला. सत्तर हजार."

बॉनेट उचललं.
क्लचच्या तेलाची डबी, लिंबाएवढी.
या एवढ्याशा डबीकडं कोणी बघत नाही.
झाकण फिरवून बोट बुडवलं,
तर बोट वर आलं काजळी धरलेल्या वातीसारखं.
"सत्तर हजार राहू दे," मी म्हणालो,
"आधी तीनशे काढ."

सिरिंज गुरांच्या डॉक्टरकडची, सुई काढलेली.
काळं ओढायचं, नवं भरायचं,
तीसदा पॅडल मारायचं,
पुन्हा झाकण उघडायचं.
पुन्हा काळं.
जरा कमी, पण काळंच.
खाली क्लच झिजतो, त्याची भुकटी
रबराच्या कडेनं आत शिरते
आणि पायाच्या प्रत्येक दाबासरशी थोडी वर सरकते.
एक थेंब फेंडरवर पडला, मी धावत पाणी ओतलं.
हे तेल रंग खातं.

तळातला बुडबुडा सिरिंजला भीत नाही.
त्यासाठी गाडीखाली जावं लागतं,
आणि पॅडलवर दुसरा पाय लागतो.

गंफूकाका बसला सीटवर, अंग चोरून,
जसं लग्नाघरच्या गादीवर बसावं.
आयुष्यभर बंडीच्या चाकांवर धाव चढवली त्यानं,
मोटार कधी चालवली नाही.
"तेल बदलाचं काऊन? आटलं तर नाई."
"पानी पेलं त्यानं."
"तेल कधी पानी पेते काय बावा?"
"हे पेते. हवेतलं पेते. झाकन घट्ट असलं तरी पेते.
मंग तापलं का त्या पान्याची वाफ होते,
अन् वाफेवर पाय देऊन गिअर पडत नाई."
तो गप्प झाला.
मग म्हणाला, "आमचा वंगनाचा नळा बरा होता.
आसाले लटकून राहे, काही पेत नोता."

मी खाली, पाठीखाली पोतं,
नाकासमोर पारदर्शक नळी.
दाब.
धर.
निपल पाव फेरा सैल.
नळीतून चहाच्या गाळासारखं काहीतरी, आणि त्यात बुडबुडे,
एकामागं एक.
निपल बंद.
सोड.
मला त्याचा चेहरा दिसत नाही, त्याला माझे हात.
मधे फक्त तीन शब्द,
आणि एकदा त्यानं घाईनं सोडलं
तर सगळी हवा परत आत.
"चुकलं काय?"
"चुकलं. पुन्हा दाब."

चाळिसाव्या वेळी की पन्नासाव्या,
नळीत जवसाच्या ताज्या तेलाचा रंग आला
आणि तसाच राहिला.

संध्याकाळी शर्वरी खाणीकडं गेली.
आम्ही दोघं फाट्यावर उभे, कान तिकडं.
दुसरा.
चढ, आवाज ताणत गेला, ताणत गेला,
मी श्वास धरून.
तिसरा.
गंफूकाका म्हणाला, "पडला."

झाकणावर मी तारीख लिहिली.
तिला सांगितलं, महिन्याभरानं ये, पुन्हा काळं झालेलं असेल.
"म्हणजे बरं झालं नाई?"
"बरं झालं. पुन्हा होईल, पुन्हा करू."
उरलेली अर्धी बाटली ठेवून उपयोग नाही,
उघडली की तीही प्यायला लागते.

दुसऱ्या दिवशी गंफूकाकाची बायको दळण घेऊन जाताना थांबली.
"काय काम देलं तुम्ही यायले?
रातभर झोपीत उजव्या पायानं खाट दाबत होते."
"उजव्या?" मी विचारलं.
क्लच डाव्या पायाला असतो.
कोण जाणे, झोपेत तो कुठली गाडी थांबवत होता.