बारावा नियम

चिठ्ठ्या सकाळी साडेआठच्या आत.
मग डबा बंद.
डबा म्हणजे मेहुण्याच्या बुटांचं खोकं, नऊ नंबर,
झाकणाला ब्लेडनं पाडलेली फट.

जिंकणारं कॉलेज बरोबर : तीन गुण.
गोलांसकट बरोबर : पाच.
पैसे नाहीत. पैसे आले की मागोमाग प्राचार्य येतात.
बक्षीस एक किलो गजक, मुरैन्याची,
आणि वर्षभर शहाणपण सांगायचा हक्क.

असे अकरा नियम, मीच टाइप केलेले.
मी मनोहर तांबवेकर, प्रयोगशाळा सहायक, भौतिकशास्त्र.
आयुष्यात हॉकीची काठी एकदाच हातात धरली,
तीही साप मारायला.
साप आधीच निघून गेला होता.

कॅन्टीनचा बनवारी दरवर्षी मोरारच्या मुलींवर,
कारण त्याची सासुरवाडी मोरारची आणि घरी जायचं असतं.
दिघे मॅडम पाच वर्षांची सरासरी काढतात :
दोन पूर्णांक चार विरुद्ध एक पूर्णांक आठ.
मॅडम, पॉइंट चार गोल मी कुठून आणू?
म्हणाल्या, तो तुमचा प्रश्न.

यंदा दुसऱ्या सेमीफायनलला
कंपूच्या मैदानावर धुकं असं उतरलं
की नाणेफेकीचं नाणंच सापडेना.
पण प्रमुख पाहुणे आले होते, शाल घेतलेली होती,
म्हणून सामना सुरू झाला.

आम्ही कठड्याला टेकून ऐकत होतो.
काठीला काठी. बुटांची चुबूकचुबूक.
कुणीतरी, ‘इधर! इधर!’
मग ठक्क.
मग शिट्टी, आणि दोन्ही बाजूंनी एकदमच जल्लोष.

पंच पंचाकडे गेला, वाटेत दिसेनासा झाला.
शेवटी सामना रद्द, निकाल टॉसवर
(नाणं सापडलं होतं, पाहुण्यांच्या खुर्चीखाली),
आणि मोरार फायनलला.

दुपारपर्यंत माझ्या टेबलाभोवती पंचवीस जण.
टॉस जिंकणं म्हणजे जिंकणं का?
तो गोल धरायचा का? धरला तर कुणाचा?
मी अकरा नियम वरून खाली वाचले,
खालून वर वाचले.
कशातही हवामान नव्हतं.

मग चिठ्ठ्या उघडल्या.
एकोणचाळीस जणांनी आकडे लिहिले होते.
चाळिसावी हनीफभाईंची, मैदानाला पाणी मारतात ते,
बिडीच्या बंडलावरच्या कागदाची,
तिच्यावर फक्त : ‘दिखेगा नहीं’.

मी पाच गुण दिले.
जो आरडाओरडा झाला तो झाला.
दिघे मॅडमनी दोन दिवस माझ्या हातचा चहा घेतला नाही.

संध्याकाळी गाठून विचारलं, हनीफभाई, कसं कळलं?
कळायचं काय त्यात, रात्री पाइप सोडला
तर पाण्यातून वाफ निघत होती,
वारा बिलकुल नव्हता, आणि कुत्री पंपघरात येऊन झोपली.
बावीस वर्षं मी दवबिंदूचं उपकरण
फडक्यानं पुसून कपाटात ठेवतो आहे.

गजक त्यांनीच नेली. फायनलचं कुणाचंच बरोबर आलं नाही.

हिशेब मिटवून खोकं उचललं तर
दारात रेवती बाथम, आमची गोलकीपर,
गुडघ्यापर्यंत अजून पॅड, हातात हेल्मेट.
म्हणाली, सर, ती ठक्क खांबाची होती.
चेंडू लागून बाहेर गेला.
मी तिथंच होते ना.
मला कुणी विचारलंच नाही.

मी टाइपरायटरवर कागद चढवला.
नियम बारा, आणि पुढे दोन टिंबं.
ती उभीच होती.
म्हटलं, बस. सांग.
आधी पॅड काढ, मग सांग,
सावकाश.