पहिला ग्लास फेसाचा

एकोणतीस वर्षं आर्वी डेपोत
मी एसटीच्या ब्रेकची हवा ऐकली.
गाडीखाली आडवं पडायचं, डोळे मिटायचे,
सुस्कारा कुठून येतो ते कानानं शोधायचं
आणि मग पाना.

आता खरांगण्यात, न्हाणीमागच्या टिनाच्या शेडमध्ये
दोन फुटी स्टीलचं पिंप आहे.
प्रणालीनं पुण्याहून आणलं,
एक गादी आणि दोन पेट्यांसोबत.
परत कधी जाणार, हे तिनं सांगितलं नाही.
मी विचारलं नाही.

आत आलं, गूळ, संत्र्याची साल,
आठवडाभर आंबून तिखट झालेलं पाणी.
त्यात गॅस सोडायचा, तोटी दाबायची,
खाली ग्लास धरायचा. एवढंच.
आणि ग्लासात नुसता फेस.

"काटा कितीवर ठेवला, बाबा?"
"तीस."
"बारा पाह्यजे."
बारात तर सायकलची ट्यूबही धड उभी राहत नाही,
मी म्हणालो. बसच्या ब्रेकला शंभर लागतात.
"हे बस नोहे," ती म्हणाली,
आणि झाकणाची कडी ओढून
जास्तीचा दाब सोडून दिला.
बारावर आणलं. तरी फेस.

मग नळी. दीड हाताची होती.
हनीफ वेल्डरकडून बारीक, सहा हात आणली,
वेटोळं करून पिंपावर ठेवली, पाणसापासारखी.
लांब नळीतून येता येता दाब थकतो म्हणे,
आणि थकलेला माणूस भांडत नाही.
फेस कमी झाला.
पण दोन दिवसांनी पाणी मेलं,
जिभेवर टोचेना, लग्नातल्या उरलेल्या सरबतासारखं.

हे माझं काम होतं.
वाटीत निरमा कालवला, ब्रश घेतला,
झाकणाच्या रबरापाशी
एक बुडबुडा फुगला, फुटला, पुन्हा फुगला.
"सापडला बे!" मी ओरडलो,
जसा नाईट शिफ्टला ओरडायचो.
कितीतरी दिवसांनी ती हसली.

याच सुमारास नेवारे जमादार वास घेत आले.
दारूबंदीचा जिल्हा; पिंप दिसलं की पाय थांबतात.
"हे काय हाय?"
"आल्याचं पाणी, साहेब."
उन्हानं तोटी तापलेली. ग्लास भरला काठोकाठ, सगळा फेस.
ते बाजेवर टेकले, तो खाली बसायची वाट बघत.
उरलं दोन बोटं.
प्याले, मिशी पुसली.
"याच्यानं तं कोंबडीही झिंगनार नाही, भाऊ."

तेव्हा कळलं, पहिला ग्लास तोटीचा.
तोटी ऊन पिऊन असते, तिचं तिला देऊन टाकायचं.
मे महिना, सेहेचाळीस, दुपारी दोनला लाईट जाते.
ओलं पोतं गुंडाळलं, रोज दोनदा भिजवलं,
डेअरीच्या चिलरशेजारी एक रात्र ठेवू दिलं
दूध मोजणाऱ्या पोरानं, दोन ग्लासांच्या बोलीवर.
गार पाणी गॅस धरून ठेवतं.
गरम पाण्याला काही सांगून उपयोग नसतो.

आणि तरी माझ्या हातून फेस.
तिच्या हातून नाही.
तेच पिंप, तीच तोटी, तोच काटा बारावर.
ती बघत राहिली.
"तुम्ही भेता, बाबा. अर्धीच उघडता.
अर्ध्या तोटीतून फेसच येते.
उघडाची तं पुरी उघडा."

मी उघडली.
तिरक्या ग्लासाच्या अंगानं पाणी उतरलं,
केशरी, मुकं, वर बोटभर पांढरं.

रात्री अंगणात बाजा टाकल्या.
लाईट नव्हती. पोतं ठिबकत होतं.
मी म्हणालो, "पुण्याचं काय झालं?"
तोटीची भाषा मी तिच्याकडूनच शिकलो होतो.
ती थोडी थांबली,
मग एका दमात सगळं बोलली,
नाव, हॉटेल, कुणी काय केलं, कुणी काय नाही केलं.
"मी नाही जाणार परत."

मी ऐकत होतो,
गाडीखाली पडून ऐकायचो तसा.
पण इथं पाना चालणार नव्हता.

"रबर उद्या बदलू," मी म्हणालो.
"आर्वीला भेटते."
"दोन आणा," ती म्हणाली.