दोन टक्के

रुवैसच्या कॅम्पमागे, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला
तिपाई रोवतो. रिफायनरीची ज्वाला पाठीशी येईल अशी.
तरी वाळूवर माझी सावली हलत राहते,
जणू मीच कुठेतरी जळतोय, कमी-जास्त.

सप्तर्षींच्या पतंगाला शेपटी जिथे फुटते
तिथला पहिला, अंगिरस.
त्याच्याकडे कोणी बघत नाही.
लग्नात भटजी बोट दाखवतात तेही पलीकडे,
वसिष्ठाच्या अरुंधतीकडे.

हा आपला फिरतो. चुंबकी अक्ष कललेला,
तिरकी टोपी घालून गिरकी घेणाऱ्या माणसासारखा.
अंगावर क्रोमियमचे डाग, चुंबकाने धरून ठेवलेले.
ते समोर येतात, जातात.
पाच दिवस, दोन तास, वर थोडी मिनिटं.
उजेडात फरक पडतो
दोन टक्के.

दोन टक्के म्हणजे काय ते मला विचारा.
दिवसभर मी प्रेशर गेज तपासतो.
काटा तेवढा चुकला तर फॉर्मवर लिहितो, चालेल.
सही. शिक्का. पुढचा.

इथे मात्र नेमकं मोजायचं तर चित्र अंधुक करावं लागतं.
तीन महिने टोकदार ठिपके काढून वाया घालवले
तेव्हा कळलं.
फोकस ढिला केला की तारा भिजल्या साबुदाण्यासारखा फुगतो
आणि मापात येतो.
टोकाचा मरीची बदलत नाही म्हणतात,
म्हणून तराजूत पलीकडे तो.

पंपहाऊसचा खल्फान कराक घेऊन येतो.
त्याच्याकडे हे ऋषी नाहीत.
चौघांची तिरडी, मागून चालणाऱ्या तीन मुली.
"तुझी कोणती?"
मी दाखवतो.
"ती तर तिरडीला सगळ्यात जवळची," तो म्हणतो,
"रडत असेल. म्हणून कमी-जास्त."
मी क्रोमियमचं काही बोलत नाही.
चहात साखर फार आहे.

दर शुक्रवारी देवरुखहून हेमलता सांगते, "बरंय."
अकरा वर्षं
त्यावरही मी सही करत आलो.

वारा सुटलाय. लेन्सवर बारीक धूळ.
एकशे वीस फोटोंतले चाळीस कदाचित धरता येतील.
आलेखावर आजचा ठिपका जरा खाली पडलाय,
धुळीमुळे असेल, ज्वालेमुळे असेल,
किंवा खरंच तो असेल.

खोडत नाही.
पाच दिवस दोन तासांनी पुन्हा बघायला हवं.
तेव्हा माझी रात्रपाळी आहे.