चुक्की

आमचे आप्पा भोकं पाडायचे.
वडगावात, मंगाईच्या देवळामागं, पत्र्याच्या खोलीत
पुठ्ठ्याच्या लांब पट्ट्यांवर, पंच आणि हातोडीनं.
भोक असेल तिथं मागावरचा धागा उचलतो,
नसेल तिथं गप पडून राहतो.
एवढंच जकार्ड.
मोर, कुयरी, रुईफूल,
सगळं ह्या हो-नाहीतनं आलेलं.

एक भोक चुकलं की पट्टी बाद.
आप्पा चुकलेल्या भोकाभोवती तांबडी पेन्सिल फिरवायचे
आणि पट्टी खाटेखाली सरकवायचे.
खाटेखालचं सगळं माझं.

साठच्या बल्बापुढं पट्टी धरली
की भिंतीवर आभाळ यायचं.
अव्वा ठिपक्याला चुक्की म्हणायची,
चांदणीलाही चुक्कीच.
आप्पा म्हणायचे, चुकी.
मी दोघांचं ऐकत गेलो.

तर पट्टी नंबर एकशे बारा.
मधलं भोक पंच घसरून फाटलेलं, तो सूर्य.
त्याचं नाव गंगव्वा,
शेजारच्या कांड्या भरणाऱ्या बाईवरनं.
तिच्याजवळही फार वेळ बसवत नसे.

गंगव्वाला चिकटून निंगू, बारका ग्रह.
तिथला दिवस चहा उतू जाईपर्यंतचा.
पोरं शाळेत पोचायच्या आत शाळा सुटते.

मग कांडी. स्वतःभोवती इतकी फिरते
की तिथं सगळी आडवं पडूनच बोलतात,
भांडतातसुद्धा आडवं पडून,
त्यामुळं भांडण लवकर झोपी जातं.

मग हलगी आणि दिमडी, जोडग्रह,
एकमेकांकडं तोंड करून फिरणारे.
हलगीकडं दिमडीचा नकाशा आहे, गल्लीबोळासकट,
दिमडीकडं हलगीचा.
स्वतःचा कुणाकडंच नाही.

आणि अगदी कडेला, दोरा ओवायच्या भोकांपलीकडं,
जिथं काही नसायला हवं होतं तिथं,
तांबडं कडं असलेला एक.
त्याला नाव द्यायचं राहिलं.
तिथल्या बसला पाटी नसते,
माणसं ड्रायव्हरचं तोंड बघून चढतात
आणि बहुतेक वेळा बरोबर उतरतात.

एका रात्री बघून झाल्यावर
एकशे बारा मी खाटेखाली ठेवली नाही,
झोपेत होतो, चांगल्या गठ्ठ्यावर ठेवली.
सकाळी ती साखळीत ओवली गेली.
साडी पुरी होईपर्यंत कुणाला दिसलं नाही.
तांबड्या काठात एक पांढरा ठिपका,
दर चार बोटांनी परत.
म्हणजे त्याचं वर्ष चार बोटांचं,
हे मला तेव्हाच कळलं,
खरं कुणाला सांगायची ती वेळ नव्हती.
मालकानं आप्पांचा तीन दिवसांचा रोज कापला.
आप्पा काठावर बोटं ठेवत गेले,
चार, परत चार, परत चार,
माझ्याकडं न बघता.

आता मी उद्यमबागेत सीएनसीवर आहे.
भोकंच पाडतो. मायक्रॉनात.
चुकत नाही.

गेल्या महिन्यात खानापूरच्या स्टँडवर
एक म्हातारी, मांडीवर फणसाचं पोतं,
धुऊन धुऊन विटलेला काठ.
मी वाकलो.
“काय बघतोस रे?”
“चुक्की,” तोंडातनं अव्वाचंच आलं.
“म्हायती हाय की. चुकी हाय म्हणून तर घेतलं,
चाळीस रुपय कमी केलंतं दुकानदारानं.
ह्याच्यावरनंच वळखतो मी माझं लुगडं, दोरीवर.”

नंदगडची गाडी लागली.
पोतं मी चढवून दिलं,
मागनं ती, एक हात दांड्याला,
निऱ्या पायरीवर वर वर जात.
चार बोटं, चार बोटं.
दार लागेपर्यंत
मी अकरा वर्षं मोजली.