चार मिनिटं

खानापूरच्या स्टुडिओत दिवसभर मी म्हणत असते
हनुवटी खाली. कान दिसू देत. हसू नका,
पासपोर्टला हसू चालत नाही.
शनिवारी दुपारी शटर ओढते,
बाबांची जुनी लेन्स उलटी बसवते कॅमेऱ्यावर
आणि जांबोटीच्या अलीकडे, बंद पडलेल्या चिऱ्याच्या खाणीत
साचल्या पाण्याकाठी पालथी पडते.

इथं माझं कुणी ऐकत नाही.
पाणनिवळी पाण्यावर खळगे पाडून उभी,
पाणी दबतं, फुटत नाही.
टाचणीचे डोळे इतके लांब लांब
की एकावर नजर धरली तर दुसऱ्याचा धूर होतो.
केसाएवढीच जागा स्पष्ट,
श्वास सोडला की तीही सरकते.

पाणढेकूण वर येतो
पाठीवरच्या अंड्यांना वारा द्यायला.
नर आहे तो. बाप.
मी मोजली, एकसष्ट. एक रिकामं.
बाबा असते तर निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून
ते भोक बुजवलं असतं त्यांनी,
जसे बुजवले गावातल्या कितीजणांच्या गालांवरचे
देवीचे व्रण.
मी राहू देते.

"काय शोधूलालायस गे चिखलात?"
भरमाण्णा. फॉरेस्टचा वॉचर, बैलहोंगलाकडचा.
त्यानंच सांगितलं,
श्रावणात कुजल्या ओंडक्याला रात्री उजेड फुटतो.
अणबे, म्हणाला.
अळंबी, मी म्हटलं.
होय की, तेच.

बॅटरी विझवली. आधी काहीच नाही.
मग बाबांच्या घड्याळाच्या रेडियम काट्यांसारखं
काहीतरी, बघितलं की नाहीसं,
जरा बाजूला बघितलं की असतं.

चार मिनिटं उघडं ठेवायचं.
दोनशे चाळीस. दोघांनी मोजायचं, चूक नको.
तो कानडीत, ओठांतल्या ओठांत,
मी मराठीत.
बेडकांनी मध्येच सूर बदलला,
जळू पोटरीला लागलेली कळली, हलता येईना,
आणि माझे एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी
लांबच लांब,
त्याची गाडी पुढे.
मी दोनशे अकरावर होते,
त्याचं झालं.
ओल्या पेटीची तिसरी काडी पेटली.

फोटोत डावीकडे हिरव्या छत्र्या,
कडा पिसासारख्या, एकीवर बारीक माशी,
हलल्यामुळे दोनदा आलेली.
उजवीकडे नारिंगी डाग, नीट बघितलं तर
अंगठा, आणि मळलेलं अर्धं नख.
"घालवलो की मी," भरमाण्णा म्हणाला, बिडी हातातच.
पुन्हा काढू, मी म्हटलं.
पुन्हा काढला. स्वच्छ आला.
तो कुठल्या तरी कार्डात आहे.

काउंटरच्या काचेखाली पहिलाच ठेवलाय.
सोमवारी एक गिऱ्हाईक वाकून बघत होतं,
लायटिंग मस्त आहे, हे कुणाच्या लग्नातलं?

जांबोटीतलं, म्हटलं.
हनुवटी खाली.