राता, गुण तीन

ऐरोलीच्या गच्चीवर, हिरव्या जाळीखाली,
थर्माकोलच्या भोकांतून पाय सोडून बसलीत
चौदा दिवसांची रोपं
मी कालवलेल्या समुद्रात.
विद्युतवाहकता बारा.
सकाळी आठला मोजायची, संध्याकाळी पाचला पुन्हा,
कारण ऊन पाणी पितं आणि मीठ मागे ठेवतं.

माझं काम गुण देण्याचं.
एक म्हणजे धडधाकट.
पाच म्हणजे वाढ खुंटली, पानांच्या सुरळ्या झाल्या.
नऊ म्हणजे मेलं.
शाळेच्या उलटा हिशेब.
पहिल्या वर्षी, मेलेल्यांना सर्वाधिक गुण देताना
पेन्सिल अडायची.
आता अडत नाही.

सहाव्या ट्रेमधला भात लाल आहे. राता.
करावे गावातल्या बामीबायनं दिला,
बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यातून, मूठभर,
तोही तिसऱ्या खेपेला.
पहिल्यांदा म्हणाली, नाय.
दुसऱ्यांदा जवळा निवडता निवडता,
वर न बघता, "सरकारची का गो तू?"

तिची खार गेली त्याला पन्नास वर्षं होतील.
जोळ, उघाडी, बांधावरचे खेकडे,
सगळं नकाशाच्या खाली.
तरी धारण तलावाच्या कडेला,
भिंत आणि नाला यांच्या मधल्या पट्टीत
ती दरवर्षी पेरते, दोन चटया पसरतील एवढं.
पालिकेचा माणूस एकदा गवत समजून कापून गेला.
गवतच आहे म्हणा, माझ्या शास्त्रात.

तिला गच्चीवर आणलं एका मंगळवारी.
चार मजले चढली, कठड्याला धरून दम घेतला,
मग मी नको नको म्हणेपर्यंत
ट्रेमध्ये बोट बुडवून जिभेला लावलं.
"अवराच? आमचे उघारीवर यापेक्षा कडू असायचा पानी."
मी मीटर दाखवला.
तिनं मीटरकडे पाहिलं, जसं पाहतात
पाहुण्याच्या पोराकडे.

पहिल्या गुणसूत्रावरचा तो पट्टा,
जिथे आम्ही सगळे जाऊन शोधतो,
तिथे रात्याकडे काही नाही.
अगदी साधी प्रत.
तीच प्रत असलेलं शेजारचं वाण
सातव्या दिवशी नऊवर गेलं.
राता तीनवर. सोळावा दिवस.
सगळ्यात जुनं पान तेवढं वाळलंय, टोकापासून देठापर्यंत,
मीठ त्यात कोंबलेलं.
मधलं कोवळं पान हिरवंगार.

बैठकीत हे सांगितलं तेव्हा कुणीतरी हळवं झालं,
म्हणालं, अगदी आईसारखं.
नाही हो.
सोडियम आहे, पोटॅशियम आहे,
आणि मुळाशी कुठेतरी एक दार,
ते कुठल्या बाजूला उघडतं
मला अजून सापडलेलं नाही.

बामीबायला मी उघाडीबद्दल विचारलं होतं, उगाच, जिन्यात.
तिनं तळहात उभा धरला.
"भरती आली का मिटते. ओहोटीला उघरते.
पानीच लोटतं, पानीच वढतं.
कोनी उभा रवाया नको तिथं."
तळहात पुढे, तळहात मागे.
घरी आल्यावर वहीत तो हात काढून ठेवला,
खाली प्रश्नचिन्ह, खाली तारीख.

मग बियाणे-कोशाचा अर्ज.
संकलनस्थळ: शेत, परसबाग, बाजार, इतर.
इतर.
तिच्या मूळ खारीचे अक्षांश-रेखांश टाकले,
टाचणी पडली एका टॉवरच्या
तळघरातल्या दुसऱ्या पार्किंगवर.
स्थानिक नाव: राता.
खारीलाही नाव होतं, वाघूची खार.
त्याला रकाना नव्हता.
समासात लिहिलं.

निघताना ती म्हणाली,
"जेठाला मूठभर परत आन, पेराया."
हो म्हटलं.
आज डबी उपडी करून मोजले, एकसष्ट दाणे.
मूठ म्हणजे तिची की माझी,
हे विचारायचं राहून गेलं.